जिभेचं वजन

मी हिच विकतो. ट्रक आणि ट्रेलरच्या मधला जोड.
आमच्याकडे ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी दांड्याला जीभ म्हणतात,
आणि गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न तोच:
जिभेचं वजन किती?
बहुतेक जण लांबी सांगतात,
किंवा आत फ्रिज केवढा आहे ते.

आर्डिस ब्रेके म्हणाली, सातशे ऐंशी पौंड.
मी मान वर केली.
न्हाणीघरातल्या काट्यावर मोजलं, ती म्हणाली.
एक फळी, पाइपचे दोन तुकडे,
काटा दाखवेल त्याला तीननं गुणायचं.
त्याच्या वहीत आकृती होती.

तो बाहेर ट्रकमध्ये, उजव्या सीटवर. लेलंड.
चाळीस वर्षं धान्याचे ट्रक चालवलेला माणूस.
ट्रेलर घेतला आणि सतराव्या दिवशी
न्याहारीच्या टेबलावर त्याचा शब्द अर्ध्यात राहिला.
तेव्हापासून चौदा महिने
ट्रेलर अंगणात, चाकांना ठोकळे लावून,
आणि तोच काटा रोज सकाळी
लेलंडचं वजन सांगायचा. उतरत गेलेलं.

मायनॉटचा ऑक्टोबरातला वारा
दुकानाच्या पत्र्याशी भांडत होता.
मी तिच्यापुढे पोलादी सळया मांडल्या.
सहाशेच्या नुसत्या वाकतील.
आठशेच्या पुरल्या असत्या,
पण ट्रकच्या हौद्यात मागे काय ठेवणार?
जनरेटर, ती म्हणाली. आणि त्याची चाकांची खुर्ची.
मग हजाराच्या.
फार ताठ नाहीत ना? ताठ असल्या की
धक्के थेट पाठीत बसतात, असं लिहिलंय त्यानं.
मी हजाराच्या उचलल्या, ठेवल्या, परत उचलल्या.
असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं येतं.

शेजाऱ्यानं ट्रेलर आवारात आणून सोडला होता.
आधी मोकळ्या ट्रकचं माप,
पुढच्या चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत:
सदतीस इंच.
मग सळया न लावता जीभ गोळ्यावर टेकवली:
साडेअडतीस.
शेपूट खाली, नाक आभाळात,
पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवल्यासारखी.
असं निघालात तर स्टिअरिंग हातात राहील,
ट्रक राहणार नाही.

आणि मी माझं नेहमीचं वाक्य सुरू केलं,
बावीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं:
हे बघा, ओझं कमी होत नाही, ते फक्त…
ठाऊक आहे मला, ती म्हणाली.
तू कड्या मोज.

पाचव्या कडीवर साखळी अडकवली. अडतीस.
चालेल, मी म्हणालो.
तेवढ्यात दारावर आतून थाप.
लेलंड. काचेवर डावा पंजा,
अंगठा मुडपलेला. चार बोटं.
सीटवर बसल्या बसल्या त्याला कळलं होतं
पुढचा आस अजून हलका आहे.

जिभेला हाड नसतं म्हणतात,
म्हणून तर ती हवी तशी वळते.
त्याची वळत नव्हती.
त्यानं एक आवाज काढला, शब्द नव्हता तो.
मग पुन्हा चार बोटं, या वेळी जोरात.

मी जॅकनं जीभ उचलली, साखळ्या सोडल्या,
चौथ्या कडीवर घेतल्या. उजवा खांदा कळवळला.
जॅक काढून फीत लावली.
सव्वासदतीस.

आर्डिसनं आकडा वहीत लिहिला,
त्याच्या बारीक अक्षराखाली स्वतःच्या मोठ्या अक्षरात.
आवाराला एक फेरी मारली, जपून, रुंद वळण घेत.
दुसऱ्या फेरीत माझ्या दुकानाचा फलक पाडला.
खाली काही उतरली नाही.
काच खाली करून विचारलं, फलकाचे किती?
पलीकडे लेलंड हसत होता, अर्ध्या तोंडानं,
पण आख्खा.

मी हातानंच म्हटलं, जा.
बहीण आहे तिची ओरेगॉनला, बाराशे मैलांवर, मधे डोंगर.
फलक उभा करायला गेलो तेव्हा लक्षात आलं,
मोजफीत तिनं नेली.